गांधीनगरची चादर आणि आईची वाकळ

कोल्हापूरला आलेला पाहुणा परत जाताना चप्पल नेतो, गूळ नेतो, ऐपत असेल तर एखादा साज नेतो. चादर कोणी नेत नाही. चादर म्हटले की सोलापूर, हे महाराष्ट्रात पक्के ठरून गेले आहे. पण कोल्हापूर, सांगली, निपाणी, चिकोडी, इकडे घाट उतरून कणकवलीपर्यंत कष्टकरी माणसाच्या घरात अंथरलेली चादर कुठून आणली असे विचारून पाहा. पुष्कळदा उत्तर एकच येते : गांधीनगर.

गांधीनगर कोल्हापूरच्या पूर्वेला, शहराला अगदी खेटून आहे. तावडे हॉटेलच्या कोपऱ्यावरून आत वळले की दोन्ही बाजूंना कापडाची दुकाने सुरू होतात ती संपता संपत नाहीत. रेल्वेने जायचे तर मिरजेकडे जाणारी पॅसेंजर धरावी आणि वळिवडे स्टेशनला उतरावे. कोल्हापूरची रेल्वे १८९१ सालची, त्यामुळे हा मार्ग आपल्या आज्या-पणज्यांच्याही पायाखालचा. लग्नसराईत इथे बस्ता बांधायला आलेली माणसे टेम्पो करून येतात. नवरीचा शालू, वराचे कापड, पाहुण्यांचे टॉवेल-टोपी हे सगळे झाले की शेवटी, पैसे संपत आलेले असताना, रुखवतात मांडायची चादर आणि उशांचे अभ्रे यांच्यावर येऊन गाडी थांबते. मग दुकानदार फळीवरून गठ्ठे खाली ओढतो आणि पुढ्यात सारे जग उलगडू लागते.

जग हा शब्द मी उगीच वापरत नाही. एक चादर ‘बाटिक’, दुसरी ‘कलमकारी’, तिसरी ‘अजरख’, चौथी ‘मोरोक्कन’, पाचवी ‘आफ्रिकन प्रिंट’. आपल्या मुली टीव्हीवर आणि मोबाईलवर ही नावे पाहून येतात आणि नेमके तेच मागतात. त्यात वावगे काही नाही. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या मुलीला तिच्या खाटेवर मोरोक्को हवा असेल तर तिने तो जरूर आणावा. फक्त ही नावे कुठली आहेत आणि ती ज्या बाजारात मिळतात तो बाजार कसा उभा राहिला, हे तिला घरातल्या कोणीतरी सांगावे.

बाजाराची गोष्ट आधी. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४० सालापासून, पूर्व पोलंडमधली लाखो माणसे सोव्हिएत सरकारने घरातून उचलून सायबेरिया आणि आसपासच्या मुलखात नेऊन टाकली होती. पुढे त्यांची सुटका झाली तेव्हा त्यांतली काही हजार माणसे इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. त्यांच्यासाठी १९४३ साली कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याच्या माळावर, पंचगंगेच्या जवळ छावणी उभारली गेली. सुमारे पाच हजार माणसे तिथे राहिली. त्यात बायका आणि मुलेच जास्त. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. जवळजवळ पाच वर्षे कोल्हापूरच्या बाजारात गोऱ्या बायका भाजी घेत हिंडत होत्या. आज शहरातल्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे आणि तिकडे पोलंडची राजधानी वॉर्सा इथेही वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक उभे आहे.

पोलिश माणसे गेली आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीने घरदार सोडायला लावलेली सिंधी कुटुंबे आली. त्या वस्तीचे नाव गांधीनगर पडले. शेत नाही, वतन नाही, ओळखीचे गाव नाही, तेव्हा कापडाचे गाठोडे पाठीवर घेऊन विकणे एवढाच धंदा पुष्कळांच्या हाती होता. त्या गाठोड्यांतून आजचा घाऊक बाजार उभा राहिला. दोन वेळा निर्वासितांनी वसवलेली ही जागा आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांच्या माळावर आज लोक अंथरूण-पांघरूण घ्यायला येतात.

आता नावांची गोष्ट. अजरख हे या सिंधी माणसांच्या मूळ मुलखातले, सिंध आणि कच्छमधले काम. लाकडी ठशांनी, निळीचा निळा आणि मंजिष्ठेचा लाल रंग घेऊन ते छापले जाते. बाटिक मूळ जावा बेटातली. कापडावर मेण लावायचे, मग रंगात बुडवायचे. मेणाखालची जागा रंग घेत नाही आणि तिथे नक्षी उमटते. डच लोकांनी ही जावाची नक्षी पाहिली आणि एकोणिसाव्या शतकात हॉलंडमध्ये यंत्रावर तिची नक्कल छापायला सुरुवात केली. तो माल पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत खपला, तिथल्या बायकांनी तो आपलासा केला, त्याला आपली नावे दिली. आज जगभर ज्याला ‘आफ्रिकन प्रिंट’ म्हणतात, त्यातल्या बऱ्याच मालाचे मूळ असे जावात आणि हॉलंडमध्ये आहे. पूर्व आफ्रिकेच्या बायका जो ‘कांगा’ नेसतात, तो तर आपल्या शेजारच्या गुजरातेत, जेतपूरलाही छापला जातो.

आणि आपली कोयरी? आंब्याच्या कोयीसारखी वाकडी नक्षी, जी आईच्या लुगड्याच्या पदरावर होती, ती काश्मीरच्या शालींवरून विलायतेला गेली. स्कॉटलंडमधल्या पेस्ली नावाच्या गावच्या विणकरांनी तिची नक्कल केली आणि कोयरीचे नावच ‘पेस्ली’ पडले. आज गांधीनगरात पोरी ‘पेस्ली प्रिंट आहे का’ असे विचारतात तेव्हा त्या कोयरीच मागत असतात. चीट हा शब्द आपल्याकडे जुन्या बायकांच्या तोंडी असे. हिंदुस्थानातल्या छापील चिटांनी एके काळी युरोपच्या बाजारात असा धुमाकूळ घातला की फ्रान्सने १६८६ साली आणि इंग्लंडने १७०० व १७२१ साली कायदे करून त्यांच्यावर बंदी घातली. तिथल्या विणकरांचा धंदा बुडत होता म्हणून. पुढे त्याच इंग्लंडच्या गिरण्यांनी इकडच्या विणकराचे काय केले ते शाळेत शिकवतात, पण ही आधीची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याचे त्यातले स्थान म्हणजे इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला. पुढे गल्लोगल्ली खडखडाट सुरू झाला आणि लोक गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. खुद्द कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये गिरणी काढली होती, ती आता बंद आहे. इचलकरंजीचे माग मात्र मंदीतून, वीजदरातून, सुताच्या भावातून धडपडत चालू आहेत आणि आपल्या समाजातली पुष्कळ माणसे त्या मागांवर पाळ्या करतात. त्यांनी विणलेले बरेचसे कोरे कापड धुलाई-रंगाई-छपाईसाठी गुजरात-राजस्थानात जाते. जो माणूस रात्रपाळीत ताग्यामागून तागा काढतो, त्याच्या घरची फुलाफुलांची चादर दोन राज्ये हिंडून त्याच्याकडे येते. फुले किती रंगांची आहेत हे त्याला माग चालवताना कधी दिसत नाही.

सोलापुरी चादरीचे याहून वेगळे. तिथली नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. मागावर जॅकार्ड बसवलेले असते, त्याच्या पुठ्ठ्यांना भोके पाडलेली असतात आणि त्या भोकांप्रमाणे ताण्याचे धागे वर उचलले जातात. म्हणून सोलापुरी चादर उलटी केली तरी नक्षी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. ती वर्षानुवर्षे धुतली तरी फूल पुसले जात नाही, कारण पुसायला ते वर लावलेलेच नसते. माझे मत विचाराल तर आजही घरात एक तरी सोलापुरी चादर असावी. पण मुलींना ती ‘हॉस्टेलची’ वाटते, त्याला इलाज नाही.

या सगळ्या जगात एक वस्तू मात्र दुकानात दिसत नाही आणि ती आपल्या प्रत्येकाच्या घरी असते. पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात, आपल्याकडे वाकळ. आईची दोन जुनी लुगडी, बाबांचे धोतर, मधे फाटक्या कपड्यांचा थर आणि वरून हातभर दोऱ्याचा धावता टाका. कडेने सुरुवात करायची आणि चौकोन लहान लहान करीत मध्यावर यायचे. दुपारी अंगणात दोन-तीन बायका वाकळेच्या चार बाजूंना बसायच्या आणि बोलता बोलता टाके पडायचे. थंडीत ती ऊब देते, उकाड्यात अंथरायला गार लागते, आणि लहान मुलाला तिच्याशिवाय झोप येत नाही.

तीच वाकळ आज कॉटखाली ढकललेली असते. सोयरीक जुळवायला पाहुणे येणार म्हटले की आधी वाकळ दिसेनाशी होते आणि तिच्या जागी गांधीनगरची नवी करकरीत चादर येते. आमच्या वस्तीतल्या एका घरी सुनेने घराला रंग लावताना सासूच्या तीन वाकळा भंगारवाल्याला द्यायला काढल्या. सासू काही बोलली नाही. तिने त्या उचलल्या आणि शेजारणीच्या माळ्यावर नेऊन ठेवल्या. सुनेला दुष्ट ठरवून मोकळे होता येईल, पण ती दुष्ट नाही. तिला जे वाटते, ते आपल्यापैकी पुष्कळांना वाटते : चिंधी म्हणजे आपली जुनी अवस्था.

आणि ते खोटेही नाही. अस्पृश्यांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवले होते, आणि प्रेतावरचे कापड हा गावकीत महाराचा ‘हक्क’ म्हणून मोजला जात होता. नवे कापड अंगाला लागणे हीच ज्यांना बंदी, त्यांच्या घरात नव्या चादरीचे मोल दुकानदाराच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण सगळेच सांगतात. आपले अंथरूण मुद्दाम आखूड कापले होते, हे मात्र म्हणीत येत नाही.

वळिवड्याच्या पुढचे स्टेशन रुकडी, आणि रुकडीला लागून माणगाव. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे बहिष्कृतांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः हजर होते. पुढे सात वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, मनुस्मृती जाळली गेली त्या दिवसांत, बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्यापासून दागिन्यांपर्यंत सांगितले. जात ओळखू येईल अशा खुणा टाका, स्वच्छ राहा, हे त्यांचे म्हणणे. आपल्या आज्यांनी ते त्या रात्रीच अमलात आणले. तेव्हा घरात चांगली, रंगीत, नवी चादर अंथरण्याची हौस ही उधळपट्टी आहे असे मला कोणी सांगू नये.

तरीही वाकळ त्या खुणांत मोडते का, हा प्रश्न उरतोच. इथे तथागतांच्या काळातली एक हकिगत सांगण्यासारखी आहे. विनयपिटकात, चुल्लवग्गात ती आली आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंद थेरांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला. एवढ्या चीवरांचे हा श्रमण काय करणार, दुकान घालणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पलंगपोसे करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी करू. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरू. ती अंथरणी जीर्ण झाली की? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झाडायचे फडके. आणि त्या फडक्यांचे? ते फाडून चिखलात मळू आणि भुई लिंपू. राजा खूष झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

कोणत्याही वस्तीतल्या आईला ही यादी वाचून दाखवा. लुगडे, मग वाकळ, मग बाळाचे दुपटे, मग पायपुसणे, मग पोतेरे. ती म्हणेल, यात नवीन काय?

चीवर हे स्वतःच तुकड्यांचे. मगधाच्या भातखाचरांचे बांध पाहून तथागतांनी आनंदांना तशा आखणीचे चीवर शिवायला सांगितले, असे महावग्गात आहे. म्हणजे राजपुत्राने आणि श्रेष्ठींच्या मुलांनी तुकड्यांचे वस्त्र आपण होऊन पांघरले. आपल्यावर चिंधी लादली गेली होती. कापड तेच, पण एकाने ते निवडले आणि दुसऱ्याला दुसरे मिळू दिले नाही. आज आपल्यालाही निवडता येते. निवडून पांघरलेल्या वाकळेची लाज कशाला?

दूर अमेरिकेत, अलाबामा राज्यात, जीज बेंड नावाचा नदीच्या वळणातला एक खेडेवजा भाग आहे. तिथले काळे लोक गुलामांचे वंशज. तिथल्या बायका नवऱ्यांच्या झिजलेल्या कामाच्या विजारी, पिठाच्या पिशव्या, जुने सदरे यांचे तुकडे जोडून वाकळा शिवत. लाकडी घरांच्या फटींतून वारा येई म्हणून. १९६२ साली, काळे लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला पलीकडच्या गावी जाऊ लागले तेव्हा, त्यांची नदी ओलांडायची होडीच बंद करण्यात आली. ती २००६ साली परत सुरू झाली. त्याच लढ्याच्या काळात, १९६६ मध्ये, तिथल्या परिसरातल्या बायकांनी वाकळा शिवून विकण्याची सहकारी संस्था काढली. पुढे २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांच्या वाकळा भिंतीवर चित्रांसारख्या लावल्या गेल्या आणि २००६ मध्ये अमेरिकन सरकारने त्यांची टपाल तिकिटे काढली.

एवढे लांब तरी कशाला? बेळगाव ओलांडून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे गेले की सिद्दी लोकांची वस्ती लागते. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, पुष्कळसे गुलाम म्हणून. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. रंगीत तुकडे, कडेकडेने धावता टाका, कोपऱ्यांवर कापडाची फुले. आपली वाकळ आणि त्यांची कवंदी शेजारी ठेवली तर सख्ख्या बहिणी वाटतील. सिंधमध्ये अशाच तुकड्यांच्या पांघरुणाला ‘रल्ली’ म्हणतात, म्हणजे गांधीनगरातल्या दुकानदाराच्या आजीनेही ती बहुधा शिवलेली असणार. जगभरची नक्षी हवी असणाऱ्या मुलीच्या कॉटखालीच ती अशी घडी घालून पडलेली आहे.

आता खोलीचे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना बेडरूम असा प्रकार नाही. सकाळी वळकटी बांधली की तेच स्वयंपाकघर, रात्री सोडली की तीच झोपायची खोली. अशा खोलीत नक्षी एकाच जागी ठेवावी. भिंतीला पोपटी किंवा गुलाबी ऑइलपेंट असेल तर चादर एकरंगी किंवा बारीक पट्ट्यांची बरी. भिंत पांढरी असेल तर हवी तेवढी रंगीत चादर घाला. पडदा, उशी आणि चादर तिन्ही फुलाफुलांचे केले की खोली आणखी लहान दिसते. दिवसा दिवाणावर वाकळ नीट ताणून अंथरली, कडा आत खोचल्या आणि दोन एकरंगी उशा ठेवल्या, तर मासिकांतल्या चित्रांत पाहिलेले तेच दिसते आणि खर्च शून्य. वाकळ फार विटलेली असेल तर तिला नवीन सुती कापडाचा वरचा थर चढवून घ्यावा. कोल्हापुरात अजूनही नगाप्रमाणे मजुरी घेऊन गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याशी फार घासाघीस करू नये, आठवडाभराचे काम असते ते.

चादर घेताना नावाला भुलू नका. ‘कलमकारी’ म्हणून मिळणारी स्वस्त चादर कलमाने काढलेली नसते, ठशानेही छापलेली नसते. ती यंत्रावरची छपाई असते. ते चालेल, किंमत त्याच हिशेबाने द्या. ‘ग्लेस कॉटन’, ‘मायक्रो कॉटन’ अशा नावांच्या पुष्कळ चादरींत सूत नावालाच असते किंवा नसतेच. कडेचा एक धागा काढून काडी लावून पाहावी. सुताला कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटात चुरगळणारी राख होते. पॉलिएस्टर वितळते आणि कडक मणी होतो. दुकानात काडी ओढू नका, धागा बाहेर आणून पाहा. कोल्हापूरच्या पावसात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, म्हणून पुष्कळ जणी पॉलिएस्टर पसंत करतात आणि त्यांची अडचण खरी आहे. पण घामाच्या दिवसांत आणि तान्ह्या मुलाखाली सुतीच असू द्या. आणि लांबी-रुंदी हाताने मोजून घ्या. ‘डबल’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक गठ्ठ्यात वेगळा असतो. सहा बाय सव्वासहाच्या पलंगाला नव्वद बाय शंभर इंचाची चादर कशीबशी पुरते, एकशेआठ इंच लांबीची मिळाली तर नीट खोचता येते.

नवी छापील चादर पहिल्यांदा वेगळी, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा, रंग थोडा तरी सुटतोच. वाकळा धुण्याचे काम पाऊस उघडल्यावर काढावे. पूर्वी त्यासाठी रंकाळ्याजवळच्या धुण्याच्या चावीवर किंवा पंचगंगेवर जात, आता नदीचे पाणी तसे राहिलेले नाही. भिजलेली वाकळ एकटीने पिळता येत नाही, घरातल्या पुरुषाने दुसरे टोक धरावे. कडक ऊन असलेला दिवस बघून ती दोन दोऱ्यांवर पसरून टाकायची, काठाची बाजू वर करून. त्या लुगड्याचा काठ कोणाचा, हे घरातल्या लहान मुलांना तेव्हाच दाखवता येते.